नवख्यांच्या प्रश्नांची वही

मी एक दोनशे पानी वही बोलतेय. माणसांचा मला वीट आलाय, हे आधीच सांगून टाकते. मग गोड बोलले नाही म्हणून तक्रार नको.

क्लेमेंटीन टीचरांनी मला वसईच्या बाजारातून आणलं. गिरीजच्या वाडीतून सायकलवर येऊन त्या चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांना शिकवत. कोणी प्रश्न विचारला की तो माझ्यात उतरवून घेत. उत्तर सुचलं तर खाली लिहीत, नाहीतर जागा कोरी सोडत. बारा वर्षं आमचं असं छान चाललं होतं.

अठ्ठ्याण्णव साली आजूबाजूला इमारती झाल्या, नवी माणसं वाढली आणि चर्चच्या समितीला वाटलं, आता रीतसर कोर्स हवा. टेबलावर दोनच वस्तू होत्या. एक परदेशी व्हिडिओ कॅसेटचा दहा आठवड्यांचा संच आणि दुसरी मी. समितीचे सेक्रेटरी फर्डिनंड सर पॅटिस खात होते. खाऊन झाल्यावर त्यांनी तेलकट बोटं माझ्याच पानाला पुसली. अजून शिसारी येते.

"हिच्यात तर नुसते प्रश्नच आहेत," सर म्हणाले.

"लोक तेच घेऊन येतात ना, सर," टीचर म्हणाल्या.

कॅसेट आधी तपासून बघायच्या ठरल्या. कोणावर, तर ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मे झालेत त्यांच्यावर. अँजेलिना आंटी आणि त्यांच्या मैत्रिणी बसल्या. कॅसेटमधला माणूस प्रश्न संपवायच्या आत त्या लहानपणी पाठ केलेलं उत्तर म्हणून मोकळ्या होत. "एकदम सोप्पं आहे," आंटी म्हणाल्या. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. खरी नवखी बायजा दाराशी चपलांजवळ बसली होती. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. या लोकांची मला किळस आली ती तेव्हापासून.

टीचरांना हार घालून घरी बसवलं. मला घडी घालून टीव्हीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं.

बायजा खाडीकाठच्या गावातली. आई वारल्यावर आपणहून चर्चमध्ये येऊ लागलेली. डोक्यावर पाणी घेऊन बाप्तिस्मा घ्यायचं तिच्या मनात होतं, पण एका गोष्टीपाशी ती अडली होती. कोर्सच्या पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

"सर, माज्या आयला ह्ये पानी नाय मिललं. मंग ती कुठं गेली असंल? मी घेतलं तर तिची न् माजी भेट व्हईल का?"

"तो टॉपिक सातव्या आठवड्यात आहे, बाई," सर म्हणाले आणि कॅसेट सुरू केली.

सहा आठवडे बायजा नेमाने आली. सातव्या आठवड्यात मीही पायाखालून कान देऊन ऐकलं. त्या कॅसेटमध्ये मेलेल्या आईबापांबद्दल अवाक्षर नव्हतं, भलतंच काहीतरी होतं. बायजा शेवटपर्यंत बसली, चपला घालून गेली आणि पुन्हा आली नाही. सरांनी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लिहिलं, 'रस नाही.' लिहिताना मोठ्याने वाचलंही.

माझ्या अकराव्या पानावर हाच प्रश्न आहे. काळूराम नावाच्या माणसाने आपल्या वारलेल्या बापाबद्दल विचारलेला. खाली टीचरांचं अक्षर आहे: 'मला माहीत नाही. पण बापाला सोडून ये, असं देव तुला म्हणेल हे मला पटत नाही.'

तुमच्यापैकी कोणीतरी मला इथून ओढून काढा. टेबल डुगडुगलं तर डुगडुगू दे. एवढं एक पान बायजाला वाचून दाखवा.