धाकट्या सुनेची चटई

पाउला वारले तेव्हा लोसालिनेला नवऱ्याच्या दुःखात धाकट्या सुनेचीही काळजी लागली. हालिना पोलंडची. टोंगातल्या या वावाउ बेटाच्या बंदरात बोटींची शिडं शिवायला आली नि त्यांच्या धाकट्या मुलाशी, सेमिसीशी लग्न करून इथेच राहिली. सहा वर्षांत टोंगन भाषा शिकली, चर्चमध्ये गायला लागली. पण मयताचे नियम कडक. गेलेल्या माणसापुढे ज्याचा मान कमी, त्याने कमरेला बांधायची चटई तेवढी मोठी आणि जुनी. सुनांची तर छातीपर्यंत येणारी, फाटकी. शिवाय त्यांनी शवापाशी बसायचं नाही, परसात भट्टीपाशी राबायचं.

लोसालिनेने तिच्यापुढे लहानशी चटई ठेवली. "तुमच्याकडे सून पुढे बसते म्हणे. तू ही बांध, कोणी बोलणार नाही."

"जाऊबाईंनी कुठली बांधलीय?" हालिनाने विचारलं, आणि कोपऱ्यातली सगळ्यांत मोठी उचलली.

चार दिवस ती परसातच होती. अळूचे कंद सोलून हात खाजून लाल झाले, धुराने डोळे सुजले. दमलीस का विचारलं की मान हलवून पुढचा कंद घ्यायची. गावातल्या बायका खिडकीतून बघून लोसालिनेला हळूच कोपराने ढोसायच्या.

दहाव्या दिवशी पाउलांच्या मुलींचे केस कापायचे होते. कात्री पाउलांच्या थोरल्या बहिणीच्या, तेलेसियाच्या हाती. मुली ओळीने बसल्या. त्यांच्यामागे हालिनाही येऊन बसली, तशी तेलेसिया थांबली. या सुनेशी ती कधी चार शब्द बोलली नव्हती.

"हे लेकींचं असतं. सुनेला नाही."

"बाबांनी मला तुमची भाषा शिकवली, आत्या. रोज संध्याकाळी. माझ्या चुकांना एकदाही हसले नाहीत."

तेलेसिया तिच्या मागे येऊन उभी राहिली. मग तिने ती पिवळी वेणी मुठीत धरली आणि कापली. लोसालिनेला इतक्या दिवसांत तेव्हा कुठे मोकळं रडू आलं.

पुढच्या आठवड्यात सकाळीच तेलेसिया हालिनाच्या घरी गेली. भावाच्या कुटुंबातलं हवं ते उचलायचा बहिणीला हक्कच असतो, पण या घरातल्या चमच्यालाही तिने आजवर हात लावला नव्हता. तिने चुलीजवळचं नवं पातेलं काखेत मारलं नि न विचारता चालू लागली.

हालिना धावत सासूकडे आली. "आई, आत्या माझं पातेलं घेऊन गेल्या." सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

"झाकण ठेवून गेल्या असतील," लोसालिना म्हणाली. "तेही नेऊन दे वन्संना."