मजुरीचा रकाना

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि मधल्या वेळात एक स्वतःचं. परक्या घराला किती विटा लागतील हे ते रस्त्यावरून जाता जाता सांगत, पण स्वतःच्या घराचा विमा उतरवायची वेळ आली तेव्हा या हुशार माणसाने घोळ घातला. हे घर उद्या पडलं तर पुन्हा उभारायला किती खर्च येईल, असं एजंटाने विचारलं. मिस्त्रींनी विटा, सिमेंट, लाकूड, छपराचे पत्रे, सगळं पैन् पै मांडलं आणि गवंड्याच्या मजुरीपुढे शून्य लिहिलं. एजंटाने भीतभीत बोट ठेवलं, तर त्याच्यावरच उखडले. घर त्यांनी बांधलं होतं, पडलं तर पुन्हा तेच बांधणार होते. स्वतःकडून मजुरी कोण घेतं? तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आपण कधी एकाहत्तरचे होऊ, हे काही त्यांनी धरलेलं नव्हतं.

एकाहत्तराव्या वर्षी माळ्यावरच्या वायरीने पेट घेतला. नवराबायको त्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून वाचले. शेजाऱ्यांनी बायकोचं शिवणयंत्र आणि कागदांची पेटी बाहेर ओढून काढली. छप्पर गेलं आणि भिंती अशा तडकल्या की त्या पाडण्यावाचून इलाज नव्हता. कोणाला साधं खरचटलंही नाही, याबद्दल मिस्त्री भेटेल त्याचे आभार मानत होते, आणि ते अगदी मनापासून.

लेकीने आणि जावयाने स्वतःची खोली त्यांना दिली. जावई बाहेर सतरंजीवर झोपायचा आणि वर विचारायचा, झोप लागली ना नीट? असा जावई मिळायला नशीब लागतं. पण मिस्त्रींचा हिशेब जुळत नव्हता. उजवा खांदा कामातून गेला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. पाच मिनिटं थापी धरली की बोटं बधिर. म्हणजे गवंडी बाहेरून आणायचा, आणि त्याचे पैसे विम्यात नाहीत. जागा विकायची आणि उरलेलं आयुष्य लेकीच्या दारात काढायचं, एवढंच हाती राहत होतं. बायकोला हे सांगायचा धीर त्यांना होत नव्हता. ती बिचारी नव्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे घ्यायची, यावर रोज त्यांचं डोकं खात होती.

विमा कंपनीची सर्वेअर दुसऱ्यांदा पाहणीला आली, त्या दिवशी नवराबायको दोघं जळक्या घरापाशी हजर होते. मुलगी तरुण होती, पण कामाला चोख. मिस्त्रींनी मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. बांधकाम मुळात सुरेख झालेलं होतं, असं ती म्हणाली, आणि नेमकं तेच त्यांना सहन होईना.

"पोरी, आधीच सांगतो," ते म्हणाले. "चूक माझी आहे. गवंड्याची मजुरी मी धरलीच नाही."

बायको पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली होती. सर्वेअरने कागद चाळले.

"काका, शून्य पहिल्याच वर्षी होतं. पुढच्या वर्षी काकूंनी बदलून घेतलंय. घर दोघांच्या नावावर आहे ना? त्यानंतर दरवर्षी दर वाढवत आणलाय. घर पुरं होईल यात, काळजी करू नका."

मिस्त्री मोजपट्टी सोडून बायकोकडे वळले. मग बायकोने सगळं सांगितलं, आणि तेही एखादी किरकोळ गोष्ट सांगावी तसं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून विचारलं नाही. हप्ता भरायला तीच जायची, आणि वाढलेली रक्कम शिवणाच्या पैशांतून घालायची. कुठे बांधकाम दिसलं की ती थांबून तिथल्या गवंड्याला दर विचारायची, आणि एजंटाला त्याहून थोडा जास्तच सांगायची.

"जास्त का?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमच्या हातचं काम त्याच दरात कसं धरायचं?"

बावीस वर्षं. मिस्त्रींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. घर परत मिळालं होतं, आणि ज्या माणसाने ते परत मिळवून दिलं ते माणूस रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होतं.

सर्वेअर कागद आवरताना म्हणाली, एक बारीकशी गोष्ट राहिलीय. गवंड्याच्या हाताखालचा माणूस यात कुठेच नाही. विटा देणार कोण, माल कालवणार कोण?

"त्याचे कसले पैसे?" बायको सहज बोलून गेली. "ते तर मीच करत होते."

मिस्त्रींनी मान वर केली. घर बांधलं तेव्हा दीड वर्ष ही बाई तान्ही लेक शेजारणीकडे ठेवून घमेली उचलत होती. तेवीस वर्षांत त्यांनाही तिची मजुरी सुचली नव्हती, आणि तिलाही नाही.

"लिही," ते सर्वेअरला म्हणाले. "हाताखालचं माणूस, एक."

विम्यात हे आता बसणार नाही, असं तिने समजावलं. कंपनी तेवढे देणार नाही.

"कंपनीकडे मागतंय कोण? ते मी देणार. पण खर्चाच्या यादीत येऊ दे."

"बरं. दर काय लिहू?"

"गवंड्याचा आहे तोच."

सर्वेअर हसली. "काका, हाताखालच्या माणसाला एवढा दर नसतो."

"मी मिस्त्री आहे," ते म्हणाले. "दर मला माहीत आहेत. तू लिही."