शिंगीचा काटा

खाप्याच्या ढिवरपुऱ्यातली तुळसा गेले नऊ महिने मासोळी खात नव्हती. ढिवराच्या घरची सून आणि मासोळी खात नाही, म्हणून सुरुवातीला बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर हसणं थांबलं. नंतर तर त्याच बाया तिला वाट द्यायला बाजूला होऊ लागल्या.

त्याचं असं झालं होतं. बहात्तरच्या पावसानं दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात कन्हान नदी आटत आटत नुसती डोहांपुरती उरली. रोहू दिसेनासा झाला. जाळ्यात येऊ लागली ती चिखलातली शिंगी. वीतभर लांब, काळी, बुळबुळीत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, आणि त्या काट्यात जहर. चैत्रात तो काटा तुळसाच्या नवऱ्याच्या, लहानूच्या तळहातात बसला. एवढा दांडगा गडी, पण दोन दिवस ओसरीत गडबडा लोळला. हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. तेव्हा तुळसानं नदीच्या पायरीवर पदर पसरला.

"कन्हान माय, यायच्या हाताले पुन्हा काटा लागू देऊ नको. मी मासोळी सोडली. रोज तुले दिवा लावल्याबिगर पाणी पिणार नाही."

तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. ताप असो, थंडी असो, उजाडायच्या आत ती पायरीवर. पानाच्या द्रोणात दिवा सोडायचा, तो वळणापर्यंत गेलेला बघायचा, मग घरी येऊन घोटभर पाणी.

आणि कार्तिकात मायनं ऐकलं.

जाळं काठावर ओढलं होतं. लहानू खाली बसून मासोळ्या सोडवत होता आणि सावनेरच्या बाजारातली काहीतरी गंमत सांगत होता. जाळ्याचा मुखिया बळीराम एकदम ओरडला, "अबे लहान्या! काटा घुसला ना तुह्या हातात!"

"कोठी गा?" लहानूनं हात फिरवून पाहिला. करंगळीच्या बुडाशी शिंगी लटकली होती. काटा आरपार. त्यानं ती उपटून टोपल्यात टाकली आणि म्हणाला, "हो नं गा. मंग तो दुकानदार मले काय म्हणते..."

कोणाला पुढची गंमत ऐकू आली नाही. बळीरामनं त्याचा हात धरून कपाळाला लावला.

त्या दिवसापासून जाळ्यातली शिंगी काढायचं काम लहानूचं झालं. बाकीचे हाताला चिंध्या गुंडाळून लांबून बघायचे. हा उघड्या हातानं मुळे उपटावे तशा काढायचा. "देवीचा हात हाय बावा," म्हणायचे लोक. लहानूची छाती फुगायची. पण मान मिळाला तो तुळसाला. शेजारची यमुताई, जिचा एकुलता एक लेक रविंद्र जाळ्यावर जायचा, तिनंही मासोळी सोडली आणि तुळसाच्या मागोमाग पायरीवर दिवा लावू लागली. तुळसाला संकोच वाटायचा, पण मनात कुठंतरी गोडही वाटायचं. मायनं आपल्यासारखीचं ऐकलं!

पौषात एका सकाळी ती भाकरी थापत होती. लहानू पलीकडे बिडी ओढत पावसापाण्याचं बोलत होता. कसलातरी वास आला, केस जळल्यासारखा. तिनं चुलीत वाकून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. बिडी संपून त्याच्या बोटांना लागली होती आणि तो बोलतच होता.

"अहो, बोट!"

"हॅ," म्हणून त्यानं थोटूक फेकलं. "मायची किरपा."

तुळसा हसली नाही. कार्तिकातली ती जखम अजून भरली नव्हती, हे तिला माहीत होतं. रोज पाण्यात भिजून तिच्या कडा पांढऱ्या, फुगलेल्या झाल्या होत्या. करंगळी थोडी आत वळली होती. आणि कोपराखाली फिक्कट रंगाचा एक चट्टा होता, जो तिनं आजवर उन्हाचा समजला होता. त्या दिवसापासून दिवा सोडताना तिचं लक्ष दिव्यावर राहीना.

दर बुधवारी सावनेरहून सायकलवर मनोहरराव यायचे. महारोग तपासणीवाले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचे. ते येणार कळलं की पुरुष सगळे नदीवर. बाया मात्र जायच्या, कारण मनोहरराव म्हातारे होते आणि सगळ्यांना बाई म्हणून बोलायचे. त्या बुधवारी तुळसा यमुताईबरोबर गेली. मनोहररावांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात हातावर ठिकठिकाणी टेकवली. "जिथं लागलं तिथं बोट ठेवा."

"मास्तर, गुदगुल्या करता काय आमच्या तुळसीले?" यमुताई म्हणाली, आणि बाया फिदीफिदी हसल्या.

"गुदगुल्या झाल्या म्हणजे चांगलंच आहे, बाई," ते म्हणाले. "या रोगात आधी दुखणंच जातं. भाजलं तरी कळत नाही. माणूस खूष राहतो, दवाखान्यात येत नाही."

तुळसानं डोळे उघडले. हसणाऱ्या बायांचे चेहरे तिला लांबचे वाटले.

दुपारी लहानू ओसरीत आडवा पडला होता. ती जवळ बसली. देवापुढची कोरडी वात तिनं बोटात धरली होती.

"डोये मिटा बरं. एक खेळ हाय."

"या उमरीत?" तो हसला, पण मिटले.

तिनं खांद्याला वात टेकवली. "इथं," तो म्हणाला. दंडाला टेकवली. "इथं." चट्ट्यावर टेकवली. तो गप्प. तिनं वात हाताच्या कडेनं हळूहळू खाली आणली, मनगटावरून करंगळीपर्यंत, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"अवं, लाव ना," तो डोळे मिटूनच म्हणाला. "थांबली काहून?"

वात अजून त्याच्या करंगळीवरच होती.

ती तशीच शाळेत परत गेली. मनोहरराव सायकलला पिशवी बांधत होते. "एका माणसाचं..." तिनं सुरुवात केली आणि थांबली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, तशी तिनं नवऱ्याच्या जखमेपासून आपल्या व्रतापर्यंत सगळं सांगितलं.

"मासोळीतून हा रोग कोणाला होत नाही," ते शांतपणे म्हणाले. "पांढरी गोळी मिळते, फुकट. पण वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागते. तुम्हाला व्रतं करायची सवय आहे, तुम्ही त्यांच्याकडून चुकू देणार नाही. रोग थांबेल. गेलेलं दुखणं परत येईल का, ते मी सांगू शकत नाही. पण बाई, त्या चिघळलेल्या जखमेत आणखी काटा जाऊ देऊ नका. नाहीतर बोटं काढावी लागतात. पुढच्या बुधवारी घेऊन या."

रात्रीच्या जेवणानंतर तिनं सांगितलं. लहानू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बळीरामभाऊ मले जाळ्याले हात लावू देईन काय मंग? आपल्या टोपल्यातली मासोळी कोण घेईन?" तो हळू आवाजात म्हणाला. "अन् तूच मागतलं ना मायजवळ?"

"मागतलं."

"मंग माय खोटी का तू खोटी?"

या प्रश्नानं तिला चार दिवस झोपू दिलं नाही. दिवा सोडताना ती पाण्याला विचारायची. पाणी नेहमीसारखं वाहायचं.

सोमवारी डोहावर मोठं जाळं ओढलं. सावनेरच्या बाजारासाठी मासोळी निवडायला बाया काठावर होत्या. जाळ्यात शिंगीच शिंगी वळवळत होती. बळीराम ओरडला, "या बावा, देवीचा हात!"

लहानू पुढे आला. जखमेवरची चिंधी त्यानं सोडून खिशात टाकली होती.

तुळसाला त्या क्षणी एवढंच वाटलं, की मायनं दिलं असेल तर ते आपल्या व्रतापायी दिलं. मग आपल्या हातालाही काटा लागणार नाही. आणि लागला तर कळेल. ती उठली, लहानूच्या आधी जाळ्याशी पोचली.

"आज मी काढतो," ती म्हणाली.

"अरे वा, आता घरवालीचाबी हात देवीचा झाला काय?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

तिनं हात जोडले, मग उजवा हात शिंगीत घातला.

ती किंकाळी पलीकडच्या काठावर शेतात ऐकू गेली म्हणतात. तळहातात निखारा कोंबल्यासारखं झालं, तो निखारा दंडातून काखेत गेला. ती चिखलात बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी एक गोष्ट तिला स्वच्छ कळली. काटा लागतो. सगळ्यांना लागतो.

लहानूनं तिला जवळजवळ उचलूनच घरी आणलं. शिंगीच्या काट्यावर म्हाताऱ्यांचा एकच उपाय, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात. त्यानं चूल पेटवली, गंजात पाणी ठेवलं. नऊ महिन्यांपूर्वी तिनं त्याच्यासाठी हेच केलं होतं. "रडू नको वं, आता उतरते," म्हणत त्यानं गंज खाली घेतला, उजवा हात पाण्यात घालून अंदाज घेतला आणि तिचा हात धरून आत बुडवला.

ती दुसऱ्यांदा किंचाळली आणि हात ओढून घेतला.

"कोमट तर हाय," तो म्हणाला. त्याचा हात पाण्यातच होता.

गंजातून वाफ निघत होती. तुळसानं डाव्या हातानं त्याचं मनगट धरून हात वर काढला. लालबुंद. करंगळीच्या बाजूनं कातडी फुगू लागली होती. लहानू त्या हाताकडे बघत राहिला, जसा परक्या कोणाचा तरी हात आपल्या मांडीवर ठेवलेला असावा.

"कोमट नाही काय वं?" त्यानं विचारलं. आवाज लेकरासारखा झाला होता.

"नाही."

त्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बराच वेळ राखेत रेघा मारत बसला. मग म्हणाला, "बुधवार परवा ना?"

"परवा."

मंगळवारी पहाटे तुळसा डाव्या हातात दिवा घेऊन पायरीवर आली. उजवा हात सुजून गळ्यात बांधलेला. एका हातानं द्रोण नीट सुटेना. दिवा दोनदा कलंडला, तिसऱ्यांदा तरला. आज काय मागायचं ते तिला रात्रीच ठरवता आलं नव्हतं. आता ओठांवर आपोआप आलं. "माय, यायचं दुखणं वापस दे."

यमुताई वरच्या पायरीवरून उतरून तिच्या शेजारी बसली. तिनंही आपला दिवा सोडला.

"माय कोपली काय वं तुह्यावर? काय चुकलं होतं?"

"यमुताई, तुमी आजपासून मासोळी खा."

"काहून? माह्या रविंद्रचं काय मंग?"

तुळसानं मागं वळून पाहिलं. बळीरामच्या अंगणात जाळं वाळत टाकलं होतं. त्या जाळ्याला लहानूचा हात पुन्हा कदाचित लागणार नाही. आता सांगितलं, तर दुपारपर्यंत सगळ्या ढिवरपुऱ्याला कळलेलं असेल, आणि संध्याकाळी तिच्या टोपल्याजवळ कोणी फिरकणार नाही. पण उद्या रविंद्रच्या हातात काटा घुसूनही दुखलं नाही, तर यमुताईही असाच दिवा लावून हसत बसेल.

"बसा," ती म्हणाली. "यायच्या हाताचं सांगतो."

तिनं बिडीपासून सांगायला सुरुवात केली. चट्ट्याचं सांगितलं, वातीचं सांगितलं. मनोहररावांचं नाव आलं तशी यमुताई लुगडं सावरून एक पायरी वर सरकली. मग आणखी एक.

पण ती उठून गेली नाही. तुळसानं आवाज थोडा मोठा केला आणि सांगत राहिली.