पात्याच्या मुळाशी तडा

बोटींचे पाण्याखाली फिरणारे पंखे दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीचा हात नावाजलेला होता. वाकलेलं पातं तापवून तो असं सरळ करी, की मालकालाही आपला पंखा ओळखू येऊ नये. अशा माणसाला सख्ख्या धाकट्या भावाने चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, "दादा, तुझ्या नजरेचं आता वय झालं हं!" सगळे हसले. मिस्त्रीच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

धाकटा मोटारबोटीतून उतारूंची ने-आण करायचा. पंधरा दिवसांनी त्याचा पंखा खडकाला लागला. तो काढून, बगलेत मारून धाकटा दुकानात आला.

"एक पातं वाकलंय, दादा. आजच्या आज करून दे."

मिस्त्रीने पंखा उजेडात धरून फिरवला. वाकलेल्या पात्याच्या मुळाशी केसाएवढा तडा गेला होता. हा टाकून दे, नवा घे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मनातला डंख आडवा आला.

"हातात कामं आहेत. आठवड्याने ये."

"तोवर बोट काय शोभेला ठेवू?"

"मग नजर शाबूत असलेला दुसरा कुणी बघ."

धाकटा पंखा उचलून निघून गेला आणि घरीच हातोडीने ठोकून त्याने पातं सरळ केलं. ते मिस्त्रीच्या कानावर आलं. जाऊन सांगावं म्हणून दोनदा त्याने चपला घातल्या, दोनदा दारातून मागे फिरला.

तिसऱ्या दिवशी भर प्रवाहात पातं तुटलं. इंजीन थडथडून बंद पडलं आणि बोट वाहत जाऊन पुलाच्या खांबावर आदळली. उतारू सगळे वाचले. त्यांना खांबाच्या कट्ट्यावर चढवताना धाकट्याचा पाय बोट आणि खांब यांच्यामध्ये चिरडला. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

इस्पितळात भावजय औषधं आणायला खाली गेली, तेव्हा मिस्त्री खाटेजवळ सरकला.

"मला तडा दिसला होता."

धाकटा कोपरावर उठला. "दिसला होता?"

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगतोय, दादाला पंखा दाखवलाच नव्हता म्हणून. मला वाटलं, तुझी नजर खरंच गेली. लोकांना कळलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही. माझीच जीभ तुला बाधली, असं म्हणत कुढत होतो मी इथे."

"शिव्या दे मला. मार."

"जा तू, दादा," म्हणत धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे बोट विकली गेली. धाकटा आता धक्क्यावरच्या खिडकीत तिकिटं फाडतो. बोलणं काही त्याने टाकलं नाही. मिस्त्री घरी गेला की तो खुर्ची पुढे करतो, चहा सांगतो. पुतणीच्या शाळेचा विषय निघतो, हवापाण्याचा निघतो. कप रिकामा झाला की मिस्त्री उठतो. "बस की अजून," असं पूर्वी धाकटा हात धरून म्हणायचा. आता म्हणत नाही.