घासाच्या वाफ्यातला ठिपका

सारजाच्या उसाला तुरे येऊन महिना होत आला होता. वरकुट्यात शेजारच्या दोन्ही रानांत कोयते चालून गेले आणि मधे तिचा ऊस तसाच उभा राहिला. तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

कारखान्याचा शेतकी मदतनीस शंभूराज मोबाइल चाळत विहिरीपाशी आला. दोन हंगामांपासून तोडीची पाळी संगणक ठरवायचा, उपग्रहावरून शेताचा रंग बघून. पिवळसर दिसला तर ऊस पक्का, हिरवागार दिसला तर कोवळा.

"आक्का, तुमचा ठिपका अजून हिरवाच हाय."

"तुरं दिसत न्हाईत व्हय त्याला?"

"त्याला ठिपक्यापुरतंच दिसतं. आन् ठिपका हितं हाय." त्यानं विहिरीजवळच्या, म्हशीसाठी केलेल्या घासाच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

लागणीची नोंद घेताना तो इथंच उभा होता. सरीत चिखल, आणि सारजानं चहाही इथंच आणून दिलेला. सगळेच मदतनीस असे विहिरीपाशी नाहीतर बांधावर उभे राहून मोबाइलवर जागा टिपायचे. पूर्वी त्यानं कुणाचं अडत नव्हतं, तोड द्यायच्या आधी माणूस येऊन ऊस बघायचा.

"मग सरक की चार पावलं. आता टीप."

"हंगामात जागा बदलता येत न्हाय. गेल्या साली आमच्यातल्याच काहींनी ठिपके सरकवून वळखीच्यांच्या पाळ्या पुढं घेतल्या. बारामतीच्या हापिसातल्या संगणकवाल्या पोरांनी कुलूपच घातलं."

"तुझ्या सायबाला म्हणावं, येऊन बघ."

"त्यो म्हणतो, बघून काय करू, मलाबी बदलता येत न्हाय."

सारजा वाफ्याकडे बघत राहिली.

तिनं घासाचं पाणी तोडलं. विहिरीच्या ओलीवर तो हिरवाच राहिला. शेवटी तिनं पळसदेवला मेंढरं चारणाऱ्या भावाला, बिरदेवला, बोलावून घेतलं.

"म्हशीच्या तोंडचं मेंढरांना? येड लागलं का गं तुला?"

"मला न्हाय. वर फिरतंय त्याला."

संध्याकाळपर्यंत मेंढरांनी वाफा मातीपर्यंत साफ केला.

पुढच्या आठवड्यात शंभूराज आला तो गाडीवरून उतरलाच नाही. त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. हिरवा गेला होता, पण पिवळा आला नव्हता. ठिपका करडा झाला होता.

"ह्यो कंचा रंग?"

"तोड झाली म्हणतंय. रान मोकळं दिसलं न्हवं का त्याला. यादीतनं नाव गेलं तुमचं."

तिनं मागं वळून बघितलं. तुरे वाऱ्यावर हलत होते.

"मग सांग की त्याला."

"कळवलंय, आक्का."

"कुणाला?"

"ह्याच्यातच लिवलंय," तो मोबाइल खिशात घालत म्हणाला.

तो गेल्यावर तिनं एक ऊस मोडून बघितला. मधे पांढरा, कोरडा पडला होता. तिनं तो म्हशीपुढे टाकला. म्हशीनं हुंगला आणि मोकळ्या वाफ्याकडे तोंड करून हंबरत राहिली.