रंगूबाईचं नाक

"तोंड उघड," कोंडाजी म्हणाला, आणि रावजीनं सगळ्या गावकीसमोर तोंड उघडलं.

रंगूबाई पदर सावरून पुढं झाली. देवळापुढं वाडीतले झाडून सगळे पुरुष बसले होते. शिमग्याला मुंबईहून आलेले गिरणीवालेही होते. एवढ्या लोकांत नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं कुठल्या बाईला रुचेल? पण मागं फिरायची सोय नव्हती. तिनं डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि बाजूला झाली.

"येतो?" कोंडाजीनं विचारलं.

"येतो."

"कपड्यांचा का तोंडाचा?"

रंगूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो अजून तोंड उघडंच ठेवून उभा होता, वैद्यासमोर पोरगं उभं राहतं तसा.

"तोंडाचा," ती म्हणाली.

कोंडाजी गावकीचा म्होरक्या. माणूस वाईट नव्हता, पण एकदा पोळलेला होता. दारूबंदी आली त्या सुमाराला वाडीतल्या एकानं खालच्या घळीत भट्टी लावली. पोलीस आले ते घळीत उतरलेच नाहीत, सरळ वाडीत शिरले. घराघरांतली मडकी फोडली, बायकांनी उन्हात वाळत घातलेली मोहाची फुलं ओढ्यात ओतली आणि सोळाआणे निर्दोष माणसं दोरीनं बांधून पोलादपुरापर्यंत चालवत नेली. त्यांत कोंडाजीही होता. तेव्हापासून गावकीनं ठरवलं, वाडीत पिणाऱ्याला थारा नाही. जो पिईल त्याच्या घरचं जाळ-पाणी बंद, शिमग्याची पालखीही त्याच्या दारी थांबायची नाही.

ठरलं खरं, पण धरायचं कसं? पुरुषांनी पुरुषांचा वास घेऊन पाहिला. त्यात एकमेकांना सांभाळून घेण्यापलीकडं काही झालं नाही. मग कोणाला तरी रंगूबाई आठवली. तिचा बाप मोहाच्या दारूचा पट्टीचा पिणारा. रोज दिवेलागणीला आई तिला पुढं घालायची, जा गो, बापाचं तोंड हुंगून ये, म्हणजे मी कुठं निजायचं ते ठरवते. असा अभ्यास झालेलं ते नाक. पुढं बाप आंबेनळीच्या घाटात कड्यावरून खाली गेला, आणि त्या दिवशी तो काय पिऊन गेला होता तेही रंगूनं दुरूनच सांगितलं. बाईमाणसाला गावकीत बोलायला कोण देतो? तिच्या नाकाला मात्र दिलं.

दर शिमग्याला मुंबईवाले तिच्यापुढून जायचे. कोणी लवंग चघळून यायचा, कोणी कांदा खाऊन. रंगूबाई लवंगेच्या खालचं सांगायची. तिचं नाक कधी चुकलं नाही आणि तिनं कधी कोणाला झाकलंही नाही. खरं सांगायचं तर तिला त्याचा तोराही होता. आज तोच तोरा तिच्या अंगाशी आला होता.

"आता माजं ऐका," रावजी म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "मी महाडला पेट्रोलच्या डेपोत हाय, सगल्यांना ठावं हाय. घाटावरून पिंपं येतात. त्यात साखरंची दारू असते. ती पेट्रोलात मिसळतात. पिंपातून काढायला रबराची नळी लावतात, ती तोंडानं ओढाया लागते. ओढली की तोंडात येतं. मी थुंकतो."

"साखरंची दारू?"

"साखर केल्यावर मळी उरते ना, तिची. औंदा साखरच लई झाली, ती पन घालतात, भिजलेली, खराब झालेली. सरकारचा हुकूम हाय. मोटारी त्याच्यावर पलतात."

कोणीतरी मागं फिसकन हसलं. मग हसू पसरत गेलं. मुंबईवाला हैबती म्हणाला, "मंग मोटारी झिंगत नाय का रे, रावजी?"

कोंडाजी हसला नाही. तो म्हणाला, "सरकार आमच्या पोरींच्या टोपल्या उलट्या करून मोहाचं फूल शोधतं. आन् तेच सरकार साखर कुजवून मोटारीला पाजतं? आमी इथं चहात गूळ घालतो, गनपतीला पावशेर साखर आनतो. आन् तुजी मोटार साखर पिते?"

"येऊन बगा महाडला."

"बरं. थुंकतोस, बोललास. सगलं थुंकतोस? थेंब पन घशाखाली जात नाय?"

इथं रावजीनं खोटं बोलायला हवं होतं. पण नवरा-बायको दोघंही त्या बाबतीत सारखीच खुळी. तो घुटमळला. "एकादा घोट जातो. चुकून," म्हणाला.

संपलं. गावकीला एवढं पुष्कळ झालं. देवाला नारळ फोड, चुकलो म्हण, महाडचं काम सोड, एवढंच मागितलं त्यांनी, आणि गावकीच्या हिशेबानं ते फार नव्हतं. रावजी म्हणाला, "जे केलं नाय त्याचा नारल कसला फोडू?"

"मंग गल्यातली माल उतरव," कोंडाजी म्हणाला.

ती तुळशीची माळ रावजीनं लग्नाच्या दिवशी स्वतःहून घातली होती. कोणी घाल म्हटलं नव्हतं. सासऱ्याची कथा ऐकून आलेला माणूस, मांडवातून उठल्यावर नव्या बायकोला एवढंच म्हणाला होता, की तुला माजं तोंड कदी हुंगाया लागनार नाय. त्या एका वाक्यावर रंगूबाईचा सगळा संसार उभा होता. पोरंबाळं झाली नाहीत, नांगराचा एक बैल गेला, पण त्या वाक्याला कधी तडा गेला नव्हता. आदल्या रात्री तो घरी आला तेव्हा तो वास तिला उंबऱ्यातच आला. ती कोणाला सांगायला गेली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पण पोलादपुरापासून त्याच्याबरोबर चालत आलेल्या हैबतीलाही नाक होतंच, आणि त्यानं ते गावकीच्या कानावर घातलं.

रावजीनं माळ काढून बायकोच्या हातात दिली. "तू तरी खरं मानतेस?" त्यानं विचारलं.

"माज्या बापाच्या तोंडाला हाच वास यायचा," ती म्हणाली.

तो त्याच पावली महाडला परत गेला. दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओवाळायला ताट केलं. तिनं तर खरं सांगितलं होतं, तिची काय चूक? पालखी ढोल वाजवत आली, तिच्या दारापाशी भोयांचे पाय जरा अडखळले, आणि पालखी पुढं गेली. ताटातलं निरांजन जळून जळून विझलं तरी ती ताट धरून उभी होती. मग आत आली आणि नवऱ्याला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

वैशाखात ती करवंदांची टोपली घेऊन आंबेनळीच्या रस्त्यावर बसली होती. वाडीत तिच्याशी कोणी बोलत नसे, इथं निदान प्रवासी भाव तरी विचारायचे. घाटावरून एक ट्रक घरघरत आला आणि ओढ्यापाशी थांबला. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायला उतरला. ट्रकवर लोखंडी पिंपं उभी होती. एकाच्या बुचातून थेंब थेंब गळत होतं.

वारा तिकडून आला. रंगूबाईचा करवंदांतला हात तिथंच थांबला.

तो वास मोहाचा नव्हता. मोहाला एक फुलाचा, उबट असा वास असतो. हा कोरा होता, तिखट, आणि त्याच्या बुडाशी करपलेल्या गुळाची धग होती. शिमग्यात देवळापुढं तिला हाच आला होता. बापाच्या तोंडाचा तो नव्हताच. त्या दिवशी तिनं दारू ओळखली होती, कुठली ते ओळखलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अर्ध्यावरच श्वास सोडला होता, कारण तोंड नवऱ्याचं होतं आणि तिला भीती वाटली होती.

"दादा, काय हाय त्यात?"

"स्पिरिट," ड्रायव्हर म्हणाला. देशावरचा माणूस, बोलायला भुकेला. "साखर कारखान्याचं. साखर लई झालीया बाई, गोदामात मावंना. मळी तर वड्याला सोडत हुते, मासं मरायला लागलं. आता सरकार म्हनतंय, दारू करा आन् गाड्यांस्नी पाजा. महाडला नेतोय, पेट्रोलात घालाया." त्यानं मूठभर करवंदं उचलली. "मानसानं पिऊ नये म्हनून जहर घालत्यात त्यात. तरी पितंय म्हना कोन कोन."

करवंदांची टोपली तिथंच सोडून रंगूबाई घरी आली. माळ पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पोलादपुराला उतरून महाडची गाडी धरली.

डेपो सावित्रीच्या काठाला होता. पत्र्याची लांबलचक शेड, आणि भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं. तिला वाचता येत नव्हतं. दारात बसलेल्या हमालाला तिनं विचारलं तर तो म्हणाला, "दारू पिऊ नका, असं लिवलंय."

त्याचं नाव सहदेव. रावजीची बायको म्हटल्यावर तो उठून उभा राहिला आणि तिला आडोशाला घेऊन गेला. शेडीत तिघेजण पिंपांवर वाकले होते. एकानं रबराची नळी पिंपात सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं, गाल आत ओढले. नळीतून चढलेलं स्पिरिट तोंडाशी आलं तसं त्यानं झटकन टोक खालच्या टाकीत सोडलं आणि गिळलं. रावजीनं सांगितलं होतं अगदी तसंच.

"सगले गिलतात," सहदेव म्हणाला. "दिवसभर ओढायचं, कोन कितीदा थुंकनार? बाबूला ठावं हाय, साहेबाला ठावं हाय. रावजी एकटाच थुंकायचा. शेजारी पान्याचा तांब्या ठेवायचा. नळी ओढली की थुंकायचा, चूळ भरायचा, तुलशीचं पान चावायचा. आमी लई हसायचो त्याला. घे की घोटभर, बोललो तर बोलायचा, घरी नाकवाली बायको हाय."

रंगूबाईनं पदराची गाठ चाचपली.

"शिमग्याहून आला तसा तांब्या आनायचा बंद झाला," सहदेव म्हणाला.

रावजी नदीच्या बाजूला पिंपांच्या सावलीत बसला होता. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तिला पाहून तो उठला आणि उठताना त्यानं पिंपाला हात लावला. त्याच्याजवळ पोचायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. कळू नये असं तिला फार वाटत होतं.

"आलीस?" तो म्हणाला. मग तिच्या अगदी जवळ आला आणि कोणी न सांगता तोंड उघडलं. "घे, हुंग. सांग गावकीला."

तो वास इतका दाट होता, की कोणाही परक्याला आला असता. रंगूबाईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाय येत," ती म्हणाली.

रावजी तिच्याकडं बघतच राहिला. हे तिचं आयुष्यातलं पहिलं खोटं होतं आणि ते त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्याचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग त्याची नजर तिच्या पदराच्या गाठीकडं गेली.

"माल आनलीस?"

"हां."

"मंग घाल," तो म्हणाला, आणि मान खाली वाकवून उभा राहिला.

रंगूबाईनं दातांनी गाठ सोडली. माळ दोन्ही हातांत धरली. वाकलेल्या मानेवर उन्हानं रापलेल्या कातडीत माळेचा जुना, पांढरट वळ अजून दिसत होता. घालायचीच होती तिला. त्यासाठीच तर घाट उतरून आली होती. पण हात छातीच्या वर जाईनात. तोंडानं एकदा खोटं बोलली, हातांना ते जमेना.

रावजी बराच वेळ वाकून राहिला. मग सावकाश सरळ झाला.

"जाऊ दे गो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुज्याच्यानं नाय व्हायचं." शेडीतून कोणीतरी त्याच्या नावानं हाक मारली तसा तो आत गेला आणि नळी तोंडाला लावून पिंपावर वाकला.

परतीच्या गाडीत रंगूबाई मागच्या बाकावर बसली. मुठीत माळ होती. गाडी थंड पडली होती, सुरू होईना. क्लीनरनं दांडा घालून फिरवली तेव्हा ती धडधडत सुरू झाली आणि मागून धूर आत आला. पेट्रोलच्या खाली, करपलेल्या गुळाच्या धगीचा तो दुसरा वास होता. कंडक्टर तिकिटं फाडत होता. पुढच्या बाकावर एक पोलीस शिपाई पेंगत होता.

शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. "कसला गो घान वास ह्यो?"

"साखरंचा," रंगूबाई म्हणाली. "मोटारीला साखरंची दारू पाजतात."

बाईनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं, हळूच तिचं तोंड हुंगल्यासारखं केलं. मग आपली पिशवी उचलली आणि थोडी सरकून बसली.