नऊ घंटा आणि सतरा बटणं

आटपाट डोंगर होता. तिथं मेंढ्यांच्या घंटा ओतणारा म्हातारा स्तामेन राहायचा, त्याची नात नेवेना राहायची, आणि त्यांच्या खिडकीपाशी मी. मी आकड्यांचा कळफलक बोलतोय, सतरा बटणांचा. एका जागी पडून असतो, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

नेवेनानं मला जर्मनीत घेतलं. बारा वर्षं टकटक वापरलं आणि गावी परतताना लोकरी मोज्यांत गुंडाळून आणलं. आजोबांना झटका आला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. मेंढपाळ हारालांपीच्या नऊ घंटा अर्ध्यावर राहिल्या. गेर्गोव्हदेनच्या सणाला कळप डोंगर चढतो. त्याआधी नऊही एका सुरात हव्यात. नाहीतर तो दुसरा कारागीर बघणार आणि इथली भट्टी कायमची थंड होणार.

घंटांचा सूर जुळवायला नेवेना कानस घेऊन बसली. "आजोबा, अजून घासू?"

म्हाताऱ्यानं मान वर-खाली केली. आमच्या डोंगरात ती 'नाही'ची खूण. पण पोरीच्या अंगात जर्मनांची सवय मुरलेली. तिनं 'हो' समजून घासली. चौथी घंटा फुटक्या मडक्यासारखी बोलली. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"मानेचा भरवसा नको आता," म्हणत तिनं मला जुन्या लिनक्स संगणकाला जोडलं आणि माझं एकेक बटण नव्यानं शिकवलं. आकडा दाबला की संगणक घंटेचा क्रमांक बोलायचा. अधिकाच्या बटणावर 'घास', एंटरवर 'थांब', शून्यावर 'परत ओत'.

आजोबांनी डाव्या बोटानं पहिलं बोलणं केलं: "चार. परत ओत."

"शिव्यांचं बटण ठेवलं नाही तेच बरं," नेवेना म्हणाली. म्हातारा अर्ध्या तोंडानं हसला.

पण संगणक बंद होऊन उठला की मी शिकलेलं सगळं विसरायचो. रोज सकाळी नेवेना पुन्हा शिकवायची, रोज मला धास्ती. हारालांपी घंटा बघायला आला आणि नेमकी वीज जाऊन आली. आजोबांनी सहा दाबला, अधिक दाबलं. पडद्यावर नुसतं ६+ उमटलं. आवाज नाही.

"स्तामेनदादा, जिभेबरोबर डोकंही गेलं का?" हारालांपी टोपी शोधू लागला. 

"बसा काका, रकियाचा एक घोट तरी घ्या," म्हणत नेवेनानं माझी सगळी शिकवणी एका फाइलीत लिहिली आणि ती संगणकाच्या उठण्याशीच बांधून टाकली. संगणक बंद केला, पुन्हा लावला.

"सहा. घास." कानशीचा एकच हात फिरला. "थांब."

हारालांपीनं नऊही घंटा दोरीला बांधून हलवल्या. एकच सूर निघाला. मग तो म्हणाला, "माझ्या दोन्ही मेव्हण्यांचे कळप आहेत. त्यांनाही इथंच पाठवतो."

नेवेनानं जर्मनीतल्या खोलीची किल्ली टपालानं परत केली. माझ्यावरचे आकडे पुसट होत चाललेत, पण आजोबांना ते बघावे लागत नाहीत. मला फक्त ओल्या फडक्यानं पुसू नका, एवढंच मागणं. आज भट्टीवर तिसऱ्या कळपाच्या घंटा आहेत, आणि म्हाताऱ्याचं बोलणं काही संपत नाही.